कुंकवाचं प्रतिबिंब

नाटकाच्या पोस्टरवर नावाखाली त्याच नावाचं उलटं प्रतिबिंब दिसलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. सोनेरी अक्षरं, अक्षरांना जाडी, जाडीवर चकाकी, आणि खाली काचेची फरशी असावी तशी पडलेली छबी. दिवाळीनंतर वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल यांपैकी कुठल्याही बसस्टँडच्या आसपासच्या भिंती बघा, हा प्रकार दिसतोच. मी उपयोजित कला शिकलेली, त्यावरच पोट भरणारी बाई. या प्रतिबिंबांना मी कितीतरी वर्षं अडाणीपणा समजत आले. नुसती नावड असती तर त्यावर लिहायचं कारण नव्हतं. आवड-नावड ज्याची त्याची. पण माझ्या नावडीत तुच्छता होती आणि ती अक्षरांपाशी थांबत नव्हती. ती अक्षरं ज्यांच्यासाठी छापली जातात त्या माणसांपर्यंत पोचत होती. त्या माणसांत माझी आत्या होती, माझं गाव होतं. हे मला ठाऊक होतं, तरीही मी तशीच वागले.

ज्यांनी झाडीपट्टी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतला हा जंगलाचा, तलावांचा आणि धानाचा पट्टा. धान कापून पुंजणे रचले गेले, भाऊबीज झाली की गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. एकदा पडदा वर गेला की ते पहाटेपर्यंत चालतं. त्या निमित्तानं लेकी माहेरी येतात, घराघरांत पाहुणे उतरतात, सोयरिकी जुळतात. या नाटक कंपन्यांचं ठाणं म्हणजे वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज. वैनगंगेच्या एका अंगाला आमची ब्रह्मपुरी, दुसऱ्या अंगाला वडसा. मोसमात तिथल्या रस्त्यानं चालावं तर कंपन्यांच्या कार्यालयांच्या पाट्याच पाट्या. गावांची मंडळं येऊन नाटक ठरवतात, तारीख पक्की करतात. होळीच्या आसपासपर्यंत हा कारभार चालतो. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याच्या वाचकांनाही या रंगभूमीचं नाव कळलं. आमच्याकडे ते कुणाला सांगावं लागत नाही.

नाटक ठरलं की पोस्टर आलं. त्यावर काय काय बसवायचं असतं ते एकदा मोजून पाहावं. कंपनीचं नाव, नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, संगीत, कलावंतांचे चेहरे, त्यात नायिका सगळ्यांत मोठी, खलनायक कोपऱ्यात, विनोदी नट डोळे विस्फारून. शिवाय गाव, तारीख, स्थळ, तिकिटाचे दर, आयोजक मंडळ, सौजन्य. बोटभर जागा मोकळी राहत नाही. आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलेली गोष्ट म्हणजे मोकळी जागा. तेव्हा माझ्या डोक्यात निकाल आधीच लागलेला होता.

नागपूरला शेवटच्या वर्षात असताना वर्गात एक सादरीकरण करायचं होतं. विषय मीच निवडला, वाईट अक्षररचना. सुट्टीत गावी आले तेव्हा भिंतींवरची पोस्टरं मोबाइलमध्ये टिपून नेली आणि वर्गात पडद्यावर एकेक दाखवली. प्रतिबिंब पडलेली नावं मोठी करून दाखवली. वर्ग हसला. मी दोन चित्रांच्या मध्ये थोडं थांबत होते, हसायला वेळ मिळावा म्हणून. कुणीतरी विचारलं, हे कुठलं? मी म्हटलं, आमच्याकडे असलंच चालतं. ‘आमच्याकडे’ म्हणताना मी स्वतःला त्यातून अलगद बाहेर काढून घेतलं होतं. मला चांगले गुण मिळाले. ज्या मंडपात आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून मी नाटकं पाहिली, त्याच मंडपाची टिंगल विकून मी ते गुण घेतले होते. हे वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली.

पुढे पुण्यात एका जाहिरातसंस्थेत नोकरी केली. टाळेबंदीत ती गेली आणि मी गावी परतले. त्या वर्षी नाटकांचाही मोसम कोलमडला होता. रंगभूमी पुन्हा उभी राहू लागली तेव्हा वडशाच्या एका छपाईच्या दुकानात हाताखाली माणूस हवा होता. मी गेले ते गरज म्हणून. दुकानदाराला मी काका म्हणायचे, ते मला बाई म्हणायचे, आमच्याकडे लेकीला म्हणतात तसं. काका मुळात पेंटर. दुकानांच्या पाट्या आणि नाटकांचे पडदे रंगवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. राजवाडा, रस्ता, जंगल, तलाव असे पडदे. फ्लेक्स आलं, ब्रशाचं काम आटलं, तेव्हा चाळिशी उलटलेल्या या माणसानं भाच्याच्या शेजारी बसून संगणक शिकून घेतला. त्यांच्याकडे कोरलड्रॉ होतं, फोटोशॉपची एक जुनी आवृत्ती होती आणि जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट होते. युनिकोड का वापरत नाही, असं मी पहिल्याच आठवड्यात जरा चढ्या सुरात विचारलं होतं. त्यांनी करून दाखवलं. त्या जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मजकूर टाकला की पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं सुटी व्हायची. त्यांना ते कधीच कळलेलं होतं. मला मात्र ते मागासलेले वाटले होते.

सुरुवातीला मी जी पोस्टरं केली त्यांतली प्रतिबिंबं मी काढून टाकत असे. काका माझं काम बघत, मान हलवत, काही बोलत नसत. दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या पोस्टरवर प्रतिबिंब असायचंच. मी गेल्यावर ते परत घालायचे. त्यांनी माझ्याशी एकदाही वाद घातला नाही आणि मीही तो विषय काढला नाही. मनातल्या मनात मात्र मी त्यांना माफ करत होते. माणूस भला आहे, नजर तयार नाही, असं. आज त्या ‘माफ करण्याची’ मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

मग ‘कुंकू’ आलं. नावात कुंकू असलेली नाटकं आमच्याकडे नवी नाहीत. सौभाग्य, मंगळसूत्र, शेंदूर, माहेर हे शब्द झाडीपट्टीच्या पोस्टरांवर नेहमीचे. काका फ्लेक्सच्या मशीनपाशी होते, रोल अडकला होता. तिथूनच म्हणाले, “बाई, तेवढं नाव करून ठेव. पान्यातलं कर.” प्रतिबिंबाला ते ‘पान्यातलं’ म्हणत.

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. शब्द टाइप केला. लेयरची नक्कल काढली, कंट्रोल-टी दाबून फ्लिप व्हर्टिकल केलं, उलटा शब्द खाली ओढला, त्याला लेयर मास्क लावला, काळ्या-पांढऱ्या ग्रेडियंटनं खालचं टोक विरवलं, ओपॅसिटी उतरवली. फोटोशॉपचे धडे सगळे इथेच संपतात. पण पडद्यावर जे उमटलं होतं ते वाचता येत नव्हतं. मधोमध उकारांचा गुंता आणि त्याच्या वर-खाली दोन अर्धवट शब्द.

मी उलटा शब्द वर सरकवला, खाली सरकवला, काही जुळेना. हळूहळू लक्षात आलं की अडचण माझ्या हाताची नव्हती, धड्याची होती. इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं असतं. धड्यांतले शब्द बहुधा कॅपिटल अक्षरांत असतात, त्यांची सगळी पावलं एका रेषेवर टेकलेली. ती रेषा म्हणजेच पाण्याची कड, की काम झालं. आपलं अक्षर वरून शिरोरेषेला लटकलेलं आहे. खाली त्याला जमीन नाहीच. कुणी दंडाशी थांबतं, उकार त्याच्याखाली उतरतो, ‘ट्र’ची काडी किंवा ‘कृ’चा ऋकार आणखी कुठे जातो. मग पाणी धरायचं कुठे? दंडाच्या टोकाशी धरलं तर खरे उकार पाण्यात बुडतात आणि त्यांची उलटी रूपं वर येऊन अक्षरात घुसतात. उकाराच्या तळाशी धरलं तर दोन उकार तळाला तळ लावून चिकटतात, ‘क’ अधांतरी राहतो आणि ग्रेडियंटचा सगळा ठळक भाग उकारांवरच खर्च होतो; खालचा ‘क’ दिसतच नाही. तो दिसावा म्हणून ओपॅसिटी वाढवावी तर उलट्या शब्दाची शिरोरेषा अगदी तळाला काळी होऊन उठते. वर एक आडवी रेघ, खाली एक आडवी रेघ, शब्द मध्ये कोंडलेला. मी वर्गात ज्यांना हसले होते त्यांतल्या किती पोस्टरांत हा प्रश्न सोडवलेला होता, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी फक्त चकाकी पाहिली होती.

काका हात पुसत आले, मागे उभे राहिले. हसले नाहीत. त्यांनी हसायला हवं होतं असं मला आजही वाटतं. मला ते सोपं गेलं असतं. स्टूल ओढून बसले आणि शब्द कोरलमध्ये नेऊन कर्व्ह केला. अक्षराचा फॉन्ट संपला, आता ती नुसती वळणं होती, हवी तशी ओढता येणारी. त्यांनी आधी दोन्ही उकार आखूड केले. पाटी रंगवणारा पेंटर जागा कमी पडली की उकार दाबून घेतो, तसेच, पण वळणाचा डौल न मोडता. मग पाण्याची रेघ उकारांच्या तळाच्या किंचित वर धरली. म्हणजे उकार पाण्यात जरासे बुडाले, तळाचा धागाभर भाग पाण्यानं खाल्ला. त्यामुळे ‘क’चा दंड आणि पाणी यांच्यातलं अंतर कमी झालं. उकारांची प्रतिबिंबं त्यांनी वेगळी काढून खूप फिकी केली आणि ‘क’ची प्रतिबिंबं वेगळी ठेवली, जरा ठळक. ग्रेडियंट पाण्याच्या रेघेपासून सुरू न करता उलट्या दंडाच्या टोकापासून सुरू केला. शेवटी उलटा शब्द उंचीत थोडा दाबला आणि खालची शिरोरेषा येण्याच्या आधीच रंग संपवून टाकला.

शब्द पाण्यावर आला. मला दुसरं वर्णन सुचत नाही. तोवर तो पोस्टरवर चिकटवलेला होता, आता तो कुठेतरी होता.

मी विचारलं, शेंडा इतका लवकर का विरवता? ते म्हणाले, “बोडीवर कधी बसली नाही का? पान्यात झाडाचा शेंडा कुठं साफ दिसते?” मी बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तलावावर, शेकडो वेळा बसले होते. आमच्या भागात मालगुजारी तलाव, बोड्या हजारोंनी आहेत. धान त्यांच्याच पाण्यावर पिकतं. मी तलावाच्या गावात वाढले आणि पाण्यातलं झाड कसं दिसतं हे मला संगणकासमोर बसून सांगावं लागलं. त्यांनी तलावाचे पडदे रंगवले होते, त्यामुळे त्यांनी ते नीट बघितलं होतं. पाण्यातलं झाड खऱ्या झाडापेक्षा थोडं मळकं रंगवायचं, काठाजवळ स्पष्ट आणि आपल्याकडे येईल तसं ढिलं. यामागचं भौतिकशास्त्र मी नंतर वाचलं. पाण्याकडे अगदी तिरपं पाहिलं तर ते जवळपास आरशासारखं प्रकाश परतवतं. सरळ वरून पाहिलं तर जेमतेम दोन टक्के. एकोणिसाव्या शतकात फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञानं हे गणितात मांडलं. झाडाच्या बुंध्याचं प्रतिबिंब आपल्यापासून दूरच्या पाण्यात पडतं, तिथे आपली नजर तिरपी असते. शेंड्याचं प्रतिबिंब आपल्या पायाशी येतं, तिथे नजर खाली वळलेली. म्हणून शेंडा विरतो. फोटोशॉपचा ग्रेडियंट हे त्याचंच अनुकरण आहे. मी तो बटण म्हणून शिकले होते, काकांनी तो पाण्याकडून घेतला होता.

एवढ्यावर मी कारागिरीला मान देऊन मोकळी झाले असते. माझा दुराग्रह खरा फुटला तो पुढच्या गोष्टीनं.

‘कुं’वरचा अनुस्वार काकांनी लाल केला, टिकलीसारखा गोल. इथपर्यंत अपेक्षित होतं, असं कुणीही करतं. पण उलट्या शब्दात तो अनुस्वार शिरोरेषेच्याही खाली, सगळ्यांत तळाला जातो. खालची शिरोरेषा विरवलीच होती. मला वाटलं, टिकली तेवढी ठेवतील, लाल ठिपका पाण्यात छान दिसला असता. मी तसं म्हटलंही. त्यांनी मान हलवली. त्या जागेवर मास्कवर पुन्हा काळा ब्रश फिरवून राहिलेला पुसट लालही काढून टाकला. म्हणाले, “वरती कुंकू आहे. पान्यात नाही.” मी नाटक वाचलेलं नव्हतं. त्यांनी तालीम पाहिलेली होती. तिसऱ्या अंकात त्या बाईचा नवरा जातो.

मी गप्प राहिले. तरीही मनात एक आवाज म्हणालाच, हे कोण बघणार आहे? चेहऱ्यांच्या गर्दीत, रस्त्याच्या कडेला, खालचा एक नसलेला ठिपका? करणाऱ्याचं समाधान, दुसरं काय.

त्या नाटकाचं पोस्टर आमच्या गावातही लागलं, कारण प्रयोग शेजारच्याच गावच्या मंडईत होता. आत्या आणि मी किराणा घेऊन येत होतो. आत्या चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर लावून लावून वाचते. भिंतीपाशी थांबली. कंपनीचं नाव तिनं सोडून दिलं, नटांचे चेहरे ओळखले, नायिकेबद्दल काहीतरी म्हणाली. मग नावावर आली, वरून खाली बघितलं आणि तिथेच थांबली. बराच वेळ. म्हणाली, “हिचं कुंकू जाते वाटते या नाटकात.”

मी विचारलं, कशावरून?

तिनं बोटानं खालची रिकामी जागा दाखवली. जणू मी विचारायलाच नको होतं. आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पुढे चालू लागली.

माझी आत्या विधवा आहे. मी शाळेत असल्यापासून तिचं कपाळ रिकामं आहे. तिला ती जागा दिसणारच होती. कुंकू पुसण्याची ही रीत बंद व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये तसा ठराव केला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. अशा रीतीवर उभ्या असलेल्या नाटकांबद्दल माझे आक्षेप आहेत आणि ते राहतील. पण त्या संध्याकाळी मला दिसलं ते हे की पोस्टर करणाऱ्यानं एक गोष्ट न लिहिता सांगितली होती आणि जिच्यासाठी सांगितली तिनं ती भिंतीपाशी उभं राहून वाचली होती. अक्षर लावून वाचणाऱ्या बाईनं. आम्ही वर्गात पदवी घ्यायला निघालेले सगळे, पडद्यावर मोठी मोठी करून तशी पोस्टरं पाहत होतो आणि आम्हाला त्यांत हसण्यापलीकडे काही दिसलं नव्हतं. नजर तयार नव्हती ती कुणाची?

त्या रात्री मी जुन्या सादरीकरणाची फाइल उघडली. ती मी जपून ठेवली होती, चांगले गुण मिळालेलं काम म्हणून. एकेक पोस्टर पुन्हा बघितलं. सगळी चांगली नव्हती, हे खरंच आहे. काहींत प्रतिबिंब नुसतं उरकलेलं होतं, शब्द दोन रेघांत कोंडलेला. पण बऱ्याच ठिकाणी उकार दाबलेले होते, ‘त्र’, ‘श्र’ची टोकं मागे घेतलेली होती. आणखी एक गोष्ट दिसली, जी मला त्याआधी कुणी सांगितली असती तर मी ऐकली नसती. चेहऱ्यांनी गच्च भरलेल्या त्या कागदात नाटकाच्या नावाला स्वतःची जागा मिळत होती ती प्रतिबिंबामुळे. नावाखाली पाणी आलं की तिथे एक आडवी सपाटी तयार होते. चेहरे तिच्या मागे जातात, नाव पुढे येतं. मोकळी जागा, जी मला कॉलेजात शिकवली होती, ती इथे पाण्याच्या रूपानं होती. संध्याकाळी मोटारसायकलच्या उजेडात भिंतीवरचं नाव क्षणभर दिसतं, तेव्हा तेवढंच वाचता येतं. हे मी वडशाच्या रस्त्यावर उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांत तपासून पाहिलं आहे.

मग मला माझ्या आवडीची चौकशी करणं भाग पडलं. ती आली कुठून? ॲपलनं २००६ मध्ये आयट्यून्समध्ये अल्बमांची चित्रं चकचकीत काळ्या फरशीवर उभी केली, खाली त्यांचं प्रतिबिंब. मायक्रोसॉफ्टनं २००७ च्या ऑफिसमध्ये प्रतिबिंबाचं तयार बटणच दिलं. तेव्हा जगभरातल्या संकेतस्थळांवर, बोधचिन्हांवर हेच चाललं होतं आणि त्याला कुणी अडाणी म्हणत नव्हतं. २०१३ मध्ये ॲपलनं आयफोनचं रूप सपाट केलं, चकाकी काढली, सावल्या काढल्या. त्यानंतर सगळीकडे सपाट तेच सुसंस्कृत ठरलं आणि मी त्याच काळात शिकायला गेले. म्हणजे ज्याला मी माझी अभिरुची समजत होते, ती कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीनं एका वर्षी बदललेली पसंती होती. मी ती विचार न करता अंगावर घेतली आणि तिच्या जोरावर माझ्या माणसांना मागास ठरवलं. काकांनी प्रतिबिंब ॲपलकडून घेतलं की नाही मला माहीत नाही, पण ते सोडायचं की ठेवायचं हे त्यांनी ॲपलला विचारलं नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

याचा अर्थ मला आता सगळं आवडतं असा नाही. सोनेरी जाडीदार अक्षरांचा अतिरेक मला अजून खटकतो. अक्षराला जाडी दिली आणि प्रतिबिंब नुसतं सपाट उलटं केलं तर ते खोटं दिसतं, कारण खऱ्या पाण्यात जाड वस्तूचा तळ दिसतो; हे मी काकांनाही म्हटलं आणि त्यांना पटलं. आता आम्ही एकतर जाडी देतो किंवा प्रतिबिंब. फ्लेक्सबद्दल माझा राग वाढलाच आहे. ते प्लास्टिक कुजत नाही, जळलं तर विषारी धूर करतं. एक मात्र आहे, आमच्याकडे ते फारसं फेकून देत नाहीत. मोसम संपला की नायिकेचे चेहरे धानाच्या पुंजण्यावर, गोठ्याच्या छपरावर पसरलेले दिसतात.

वडशाच्या दुकानात मी आता मोसमापुरती जाते. प्रतिबिंब काढून टाकत नाही. कधी नसलं तर काका विचारतात आणि मी कारण सांगते. नाटक विनोदी आहे, किंवा नावात एकही उकार नाही आणि सपाटच चांगलं उभं राहतंय. कधी ते ऐकतात, कधी नाही. सादरीकरणाची ती फाइल मी त्यांना दाखवली. दाखवल्याशिवाय राहवेना. त्यातलं एक पोस्टर त्यांनीच केलेलं निघालं. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “हा उकार मोठा झाला होता.”

दोन विनंत्या आहेत. झाडीपट्टीच्या कंपन्यांनी, छापखान्यांनी आणि गावच्या मंडळांनी प्रत्येक पोस्टरची एक तरी कागदी प्रत आणि एक फाइल राखून ठेवावी. जुन्या सीडी खराब होत चालल्या आहेत, जुने फॉन्ट नव्या संगणकावर उघडत नाहीत, आणि हे काम कुणाच्याही संग्रहात नीट लावून ठेवलेलं मी अजून पाहिलेलं नाही. दुसरी विनंती उपयोजित कला शिकवणाऱ्या सरांना आणि मॅडमना. प्रतिबिंबाचा धडा देताना मुलांना इंग्रजी कॅपिटल अक्षरांतला शब्द देऊ नका. ‘कुंकू’ द्या, ‘कृतज्ञ’ द्या, ‘राष्ट्र’ द्या, आणि पाणी कुठे धरायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.